भाडं वाया जातं, मग व्याज कुठं जातं?

मे महिन्यातल्या एका रविवारी भाचा घरी आला तो हातात गुळगुळीत माहितीपत्रक घेऊनच. साने गुरुजी वसाहतीकडं नवी इमारत, दुसरा मजला, दोन बेडरूम, किंमत ४० लाख. "मावशी, उद्या एक लाख विसार देऊन टाकतो. सोमवारनंतर भाव वाढणार म्हणतायत." भाचा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत मशीन शॉपला सुपरवायझर आहे, सून खासगी शाळेत शिकवते. दोघांचे मिळून महिन्याला ६५ हजार येतात. प्रतिभानगरात दोन बेडरूमच्याच फ्लॅटमध्ये राहतात, भाडं १० हजार. "वर्षाला एक लाख वीस हजार पाण्यात जातात बघ. तेच हप्त्यात गेले तर घर तरी आपलं होईल की."

हे वाक्य मी आयुष्यात किती वेळा ऐकलं असेल याची मोजदाद नाही. कोल्हापुरातल्या एका सहकारी बँकेच्या कर्ज विभागात मी २६ वर्षं काढली. टेबलाच्या पलीकडं बसलेलं जोडपं हमखास हेच बोलायचं, आणि मान डोलावणं हे माझं काम होतं, कारण कर्ज देणं हा बँकेचा धंदा. आता मी निवृत्त आहे. भाच्याला म्हटलं, चहा घे, विसार राहू दे, मी वही काढते.

पहिली गोष्ट त्याला कर्जाच्या उताऱ्याची दाखवली. ३० लाखांचं कर्ज, साडेआठ टक्के दर, २० वर्षं मुदत. हप्ता बसतो २६,०३५ रुपये. पहिल्या महिन्याच्या ओळीत दोन रकाने असतात, त्यात व्याजाखाली २१,२५० आणि मुद्दलाखाली ४,७८५. म्हणजे "घर आपलं होतंय" असं आपण म्हणतो ते त्या महिन्यात पावणेपाच हजारांपुरतंच. उरलेले सव्वाएकवीस हजार हे बँकेच्या पैशाचं भाडं. भाचा बराच वेळ त्या ओळीकडं बघत बसला. मग मी त्याला साठाव्या ओळीवर नेलं. पाच वर्षांत १५ लाख ६२ हजार भरून झालेले असतात आणि कर्ज शिल्लक असतं २६ लाख ४४ हजार. मुद्दल फिटलं साडेतीन लाख. बँकेत असताना हा उतारा लोक शेवटी बघायचे, बोजा उतरवायला आल्यावर. तो विसार देण्याच्या आधी बघायचा असतो.

हप्ता आणि भाडं यांची तुलना करायचीच नाही, हे मला सांगायचंय. हप्त्यात बचतही असते, खर्चही असतो. भाडं हा निव्वळ खर्च आहे, तर त्याच्यासमोर निव्वळ खर्चच ठेवला पाहिजे. घर घेताना परत न येणारा पैसा कोणता? कर्जाचं व्याज, आपण घातलेल्या रकमेवर बँकेत मिळालं असतं ते व्याज, घरफाळा, मेंटेनन्स, आणि दर काही वर्षांनी रंग, गळती, पंपाची मोटर.

भाच्याची बेरीज मांडली. घरातून घालायचे १० लाख. मुद्रांक शुल्क शहरात ६ टक्के, म्हणजे २ लाख ४० हजार, आणि नोंदणी फी १ टक्का पण जास्तीत जास्त ३० हजार. (खरेदीपत्र फक्त बाईच्या नावावर केलं तर मुद्रांकात एक टक्का सूट आहे, इथं थेट ४० हजार वाचतात. नवरा-बायको दोघांची नावं घातली की सूट जाते. पुरुष मंडळी या ठिकाणी घुटमळतात, हे मी टेबलावर बसून पुष्कळ पाहिलंय.) काम चालू असलेली इमारत असेल तर जीएसटी वेगळा, तो परवडणाऱ्या घराच्या व्याख्येत बसलं तर १ टक्का, नाहीतर ५. इमारतीला पूर्णत्वाचा दाखला मिळालेला असेल तर काहीच नाही. भाच्याच्या इमारतीला तो मिळाला होता. त्यावर खिडक्यांचे ग्रिल, स्वयंपाकघराची ट्रॉली, दिवे-पंखे असे सव्वादोन लाख आलेच. स्वतःच्या खिशातले एकूण १५ लाख. त्यात त्याच्या आईच्या पाटल्या मोडायचा बेतही होता, तो त्यानं जरा खालच्या आवाजात सांगितला.

आता वर्षाचा हिशेब. पहिल्या वर्षी व्याज सुमारे २ लाख ५२ हजार. पंधरा लाखांवर सात टक्क्यांनी बुडालेलं व्याज १ लाख ५ हजार. घरफाळा आणि मेंटेनन्स मिळून ३० हजार. झाले ३ लाख ८७ हजार. दुसऱ्या बाजूला भाडं १ लाख २० हजार, आणि ५० हजार अनामत अडकली म्हणून साडेतीन हजार. फरक दोन लाख ६३ हजारांचा. फ्लॅटची किंमत पहिल्या वर्षात तेवढी, म्हणजे साडेसहा टक्क्यांच्या वर वाढली तरच घर घेणारा पुढं. नाही वाढली, तर भाड्यानं राहणारा पुढं. भाडं "पाण्यात" गेलं हे खरं, पण त्याच्या तिप्पट पैसा दुसऱ्या दारानं गेला, आणि तो हप्त्याच्या नावाखाली गेल्यामुळं कुणाला दिसला नाही.

"पण भाडं वाढत जातंय की, आणि हप्ता तेवढाच राहतो," भाचा म्हणाला. मुद्दा बरोबर आहे. म्हणून तेही मांडलं. दरवर्षी पाच टक्क्यांनी वाढ धरली तर १० हजारांचं भाडं दहा वर्षांनी १६,२८९ होतं, पंधरा वर्षांनी २०,७८९, आणि २६ हजारांच्या हप्त्याला गाठायला त्याला २० वर्षं लागतात. तेव्हा कर्जही फिटलेलं असतं. हे गणित कोल्हापुरात असं येतं, कारण आपल्याकडं किमती चढल्या त्या मानानं भाडी चढली नाहीत. ४० लाखांच्या घराला वर्षाला १ लाख २० हजार भाडं, म्हणजे जेमतेम तीन टक्के. जो घरमालक तीन टक्क्यांवर आपल्याला घर वापरायला देतो, तो आपलं नुकसान करत नाही. बँक त्याच घरासाठी साडेआठ टक्के मागते.

हप्ता "तेवढाच राहतो" हेही पुरतं खरं नाही. आमच्या सोसायटीतल्या एका मुलानं २०२१ मध्ये ७ टक्क्यांनी ३० लाख उचलले, हप्ता २३,२५९. रिझर्व्ह बँकेचा रेपो दर तेव्हा ४ टक्के होता. मे २०२२ पासून तो चढायला लागला आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये साडेसहावर गेला. याचा दर झाला साडेनऊ. हप्ता बदलला नाही म्हणून तो निर्धास्त होता. उतारा घेऊन माझ्याकडं आला तेव्हा कळलं की हप्त्यातले जेमतेम तीन-चारशे रुपये मुद्दलाला जात होते, मुदत कुठल्या कुठं लांबली होती. त्याच्या बँकेनं त्याला विचारलंही नव्हतं. ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेनं नियम केला की दर बदलला की हप्ता वाढवायचा की मुदत, हे कर्जदाराला विचारलं पाहिजे. २०२५ मध्ये रेपो उतरला, त्याचा श्वास मोकळा झाला. ज्यांचं कर्ज बदलत्या दराचं आहे त्यांनी वर्षातून एकदा तरी उतारा मागून मुद्दलाचा रकाना बघावा, एवढं माझं कळकळीचं सांगणं आहे.

कर वाचतो, हा आणखी एक आधार. जुन्या करप्रणालीत राहत्या घराच्या व्याजावर २ लाखांपर्यंत वजावट मिळत आलीय. पण २०२३-२४ पासून नवी प्रणालीच आपोआप लागू होते आणि तिच्यात राहत्या घराच्या व्याजाला ही वजावट नाही. भाचा नव्या प्रणालीत आहे. त्याला कराचा एक रुपया वाचणार नव्हता, आणि माहितीपत्रकात मात्र कर वाचतो असं ठळक छापलं होतं.

मग राहिलं भाव वाढण्याचं. "आजोबांनी १९८५ साली लाखाला घेतलेली जागा आज ४० लाखाला जाते" असं घरोघरी सांगतात. चाळीस वर्षांत चाळीसपट. ऐकायला मोठं वाटतं, पण वर्षाचा दर काढला तर साडेनऊ टक्क्यांच्या आसपास येतो. १९८८ साली किसान विकास पत्र निघालं तेव्हा ते साडेपाच वर्षांत दामदुप्पट देत होतं, म्हणजे तेरा टक्क्यांच्या वर. शिवाय आजोबांनी घेतली ती जमीन. जमीन म्हातारी होत नाही, फ्लॅट होतो. लिफ्ट जुनी होते, गच्ची गळते, सळई गंजते, आणि आपल्या वाट्याची जमीन मूठभरच असते. रॉबर्ट शिलर या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञांनी त्यांच्या देशातल्या घरांच्या १८९० पासूनच्या किमती महागाई वजा करून मांडल्या, तर पुढच्या शंभर वर्षांत खरी वाढ अगदी किरकोळ निघाली. आपल्याकडं तसंच होईल असं नाही. पण "घराचा भाव वाढतोच" हे गृहीत धरून पाटल्या मोडू नयेत.

आणि घर पाण्यात जातं म्हणजे काय, ते मी डोळ्यांनी पाहिलंय.

२००५ साली आम्ही शाहूपुरीत कुंभार गल्लीच्या अलीकडं तळमजल्यावर दोन खोल्यांत भाड्यानं राहत होतो. जुलै संपता संपता पंचगंगेचं पाणी चढत चढत गल्लीच्या तोंडाशी आलं. कुंभार मंडळी गणपती उचलून उंचावर ठेवायच्या धांदलीत होती. मूर्ती अजून ओल्या होत्या, हात लागेल तिथं बोट उमटत होतं. आम्ही टेम्पो बोलावला आणि तीन तासांत संसार उचलून राजारामपुरीत बहिणीकडं आणला. पाणी ओसरल्यावर भांडी न्यायला गेले तेव्हा घरमालकीणकाकू पदर खोचून फरशी खरवडत होत्या. भिंतीवर लाईटच्या बोर्डाच्या बरोबर खाली मातकट रेघ उमटली होती, पट्टीनं आखल्यासारखी. काकू म्हणाल्या, "तुम्ही सामान उचललंत नि गेलात. आम्ही भिंती कुठं उचलून नेणार?" आम्ही दोन महिन्यांत राजारामपुरीत दुसरं भाड्याचं घर बघितलं. काकूंनी ती रेघ रंगवून काढली.

ऑगस्ट २०१९ मध्ये राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट असताना पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. शाहूपुरी, व्हीनस कॉर्नर, सुतारवाडा, बापट कॅम्प, नागाळा पार्कचा खालचा भाग पाण्याखाली होता, शिरोलीजवळ महामार्ग बंद होता. या वेळी काकूंच्या भिंतीवरची रेघ बोर्डाच्या वर होती. २०२१ च्या जुलैत पुन्हा तेच. त्यानंतर त्यांच्या मुलानं घर विकायला काढलं. बघायला येणारा पहिला प्रश्न विचारायचा, पाणी कुठवर आलं होतं? घर अजून विकलं गेलेलं नाही.

त्या गल्लीजवळच २००२ साली आम्हाला एक फ्लॅट मिळत होता, स्वस्तात. पैसे कमी पडले म्हणून राहिला. कोल्हापुरात घर बघायला मे महिन्यात जाऊ नये, जुलैत जावं. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराला विचारावं, २०१९ ला तुमच्या दुकानात किती पाणी होतं. निळी आणि लाल पूररेषा नकाशावर कुठून जाते ते महापालिकेत बघावं. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई असते.

पाणी टाळायचं म्हणून बरेच जण शहराच्या कडेला, पाचगाव, मोरेवाडी, उचगाव, कळंब्याकडं गुंठाभर जागा बघतात. महापालिका १९७२ साली झाली, पण हद्दवाढीचं भांडण अजून मिटलेलं नाही. २०१७ मध्ये भोवतालच्या ४२ गावांसाठी प्राधिकरण नेमलं गेलं. या कडेच्या जागांत पैसा केलेली माणसं मला ठाऊक आहेत. पण बिगरशेती न झालेल्या जमिनीचे गुंठे पाडून विकलेले असतात, सातबाऱ्यावर वीस जणांची नावं एकत्र असतात, बँक कर्ज देत नाही, मग माणूस हातउसने आणि खासगी सावकाराच्या दारात जातो. २००१ चा गुंठेवारी कायदा २०२१ मध्ये सुधारून ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची बांधकामं नियमित करायची सोय झाली. त्यानंतर घेतलेल्यांनी त्या भरवशावर राहू नये.

एवढं सांगूनही भाड्याच्या घराची बाजू मी उगीच गोड करणार नाही. आम्ही १५ वर्षांत तीन घरं बदलली. एका घरमालकानं मुलीच्या दहावीच्या वर्षी, फेब्रुवारीत, घर खाली करायला सांगितलं. भिंतीला खिळा ठोकायची चोरी, पाहुणे आले की मालकाची चौकशी. मुलीला बघायला आलेल्या लोकांनी चहा घेता घेता विचारलं, "घर स्वतःचं का?" त्या प्रश्नाची किंमत कुठल्या रकान्यात लिहायची? आपल्याकडं निम्मी घरं त्या एका प्रश्नाच्या धसक्यानं घेतली जातात असं माझं मत आहे. ज्या गावात शाहू महाराजांनी १९०१ सालापासून वसतिगृहं काढून खेड्यापाड्यातली मुलं वस्तीला आणली, शिकवली, त्या गावात दुसऱ्याच्या छपराखाली राहण्याचा कमीपणा वाटू नये.

करार मात्र नीट करावा. महाराष्ट्रात भाडेकरार लेखी करून नोंदवणं कायद्यानं सक्तीचं आहे आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. न नोंदवल्यास त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजारांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि अटींबद्दल वाद झाला तर भाडेकरूचं म्हणणं आधी खरं धरलं जातं. मुद्रांक शुल्क पाव टक्का, अकरा महिन्यांच्या भाड्यावर दोन-तीनशे रुपयांचा मामला. तरी लोक पाचशेच्या स्टँपवर नोटरी करून मोकळे होतात. अकरा महिन्यांऐवजी तीन वर्षांचा करार मागावा, वाढ आधीच लिहून घ्यावी. मुलांच्या शाळेच्या मधेच सामान बांधायची पाळी येत नाही.

आम्ही घर घेतलं २००९ साली, टाकाळ्यावर, १६ लाखांना. १० लाख साठलेले होते, कर्ज ६ लाख, तेही कर्मचारी म्हणून सवलतीच्या दरात. २०१५ मध्ये बँकेतून नील दाखला घेतला. दोन वर्षांनी हे शिरोलीच्या फौंड्रीतून निवृत्त झाले. त्यांना ईपीएस-९५ चं पेन्शन येतं अडीच हजार. आज आम्हाला १५ हजार भाडं भरावं लागलं असतं तर कुठून आणलं असतं? म्हातारपणी पगार थांबतो, भाडं थांबत नाही. म्हणून घर घेऊच नका असं मी कुणाला सांगत नाही. निवृत्तीच्या आत स्वतःचं छप्पर हवं, आणि ते निम्मे पैसे हाताशी आल्यावर, दहा-बारा वर्षं हलायचं नाही हे ठरल्यावर, पाण्याच्या रेघेच्या वर घ्यावं. तिशीच्या आत, आईच्या पाटल्या मोडून, वीस वर्षांचं कर्ज मानेवर घेऊन घेऊ नये.

आणि एक अट. फरकाचे पैसे खरोखर बाजूला पडले पाहिजेत. भाच्याला हप्ता आणि मेंटेनन्स मिळून साडेअठ्ठावीस हजार लागले असते, भाडं दहा हजार. भाड्यातली वाढ, दलाली, टेम्पो सगळं धरून महिन्याला सोळा हजार उरतात. ते सात टक्क्यांनी साठवले तर पाच वर्षांत साडेअकरा लाखांच्या आसपास होतात, न मोडलेल्या १५ लाखांचे २१ लाख होतात, व्याजावरचा कर वगळून. एकूण साडेबत्तीस. घर घेऊन तेवढाच पैसा गाठीला असायचा तर तो फ्लॅट पाच वर्षांत ५९ लाखांना विकला गेला पाहिजे, म्हणजे दरवर्षी आठ टक्के वाढ. पण तेच सोळा हजार नवी मोटारसायकल, हॉटेल आणि मोबाईलच्या हप्त्यात जाणार असतील, तर मुकाट्यानं घर घ्यावं. हप्ता निदान सक्तीनं साठवायला लावतो. टेबलाच्या पलीकडं बसणाऱ्यांपैकी बहुतेकांना मी हेच सांगितलं असतं, कारण न भरता चालेल अशी बचत फार थोड्यांकडून होते.

भाचा संध्याकाळी साडेसातला गेला. विसार दिला नाही. प्रतिभानगरच्या घराचा तीन वर्षांचा करार त्यानं नोंदवून घेतला, आईच्या पाटल्या आईच्या हातातच आहेत. सोळा हजारांची आवर्ती ठेव सुनेच्या नावावर काढलीय, तिचा पहिला हप्ता या महिन्याच्या पाच तारखेला गेला.